नुकसानभरपाईचा विमा आणि पॅरामेट्रिक विमा: पैसे नेमके कशाचे मिळतात?

वादळ, भूकंप किंवा दुष्काळाच्या बातमीत पुढेमागे एक ओळ येतेच: विम्याचे पैसे मिळाले, किंवा मिळाले नाहीत. विमा कोणत्या जातीचा होता, हे मात्र तिथे क्वचितच लिहिलेलं असतं. आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आपल्या ओळखीचा विमा म्हणजे नुकसानभरपाईचा. घरात पाणी शिरलं की सर्व्हेअर येतो. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर चढली आहे ते बघतो, फुगलेल्या कपाटाचं दार ओढून पाहतो, फोटो काढतो, बिलं मागतो. फ्रिज किती जुना, हे विचारून घसारा वजा करतो. शेवटी निघणारा आकडा तुमच्याच नुकसानीचा असतो, निदान तसा प्रयत्न तरी असतो. अडचण वेळेची. मोठ्या आपत्तीत हजारो क्लेम एकदम येऊन पडतात आणि सर्व्हेअर मात्र तेवढेच.

पॅरामेट्रिक विम्यात घरी कुणी येत नाही. किती पडझड झाली, हा प्रश्नच नसतो. वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब, वाऱ्याचा वेग, भूकंपाचा जोर किंवा पावसाचे मिलिमीटर, असं एखादं माप करारात आधीच ठरलेलं असतं. निसर्गाने ती रेषा ओलांडली की ठरलेली रक्कम मिळते. या रेषेला ट्रिगर म्हणतात.

याचा खरा गुण वेग. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, आणि सीसीआरआयएफ या कॅरिबियन देशांच्या सामाईक विमा निधीतून सुमारे दोन आठवड्यांत ७७ लाख डॉलर सरकारच्या हातात पडले. अब्जावधी डॉलरच्या नुकसानीपुढे ही रक्कम तुटपुंजी होती, पण सरकारी इमारतीच कोसळलेल्या देशाला त्या दिवसांत रोख पैसा मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

दोष त्याच गुणाच्या पोटात आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून गेलं. घरांचे पत्रे उडाले, शेती झोपली. पण देशाने घेतलेल्या १५ कोटी डॉलरच्या कॅटास्ट्रॉफी बाँडमधून (गुंतवणूकदारांनी आधीच ठेवलेला पैसा ट्रिगर ओलांडला की देशाला देणारा, पॅरामेट्रिक विम्यासारखाच करार) काहीच मिळालं नाही, कारण हवेचा दाब ठरलेल्या आकड्याइतका उतरला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाचव्या श्रेणीचं मेलिसा वादळ थेट बेटावर आदळलं, तेव्हा पूर्ण १५ कोटी मिळाले. मोजलेला आकडा आणि प्रत्यक्ष नुकसान यांतल्या या तफावतीला विमा क्षेत्रात बेसिस रिस्क म्हणतात. बेरिलच्या वेळी करार मोडला नव्हता, तो शब्दशः पाळला गेला होता. म्हणूनच ‘आमचा विमा आहे’ एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये असं मला कळकळीने वाटतं. पॉलिसीत पैसे देण्याच्या अटीपाशी ‘नुकसान’ लिहिलंय की ‘मोजमाप’, ते आधी वाचावं. ज्यांना परवडतं ते दोन्ही घेतात: पहिल्या दिवसांसाठी पॅरामेट्रिक, पुन्हा उभारणीसाठी भरपाईचा.

मलावीचं उदाहरण तर जिव्हारी लागणारं आहे. २०१५-१६ च्या हंगामात तिथे भीषण दुष्काळ पडला. देशाने आफ्रिकन रिस्क कपॅसिटी या आफ्रिकी देशांच्या सामाईक विमा संस्थेकडे पॅरामेट्रिक विमा काढला होता, प्रीमियमही भरला होता. पण पावसावरून पिकाच्या नुकसानीचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलच्या हिशेबाने पैसे देणं बसेना. चौकशीअंती कारण सापडलं मक्याच्या वाणात. मॉडेलने उशिरा तयार होणारा मका गृहीत धरला होता, तर शेतकरी केव्हाच साधारण ९० दिवसांच्या वाणाकडे वळले होते. पाऊस कधी हवा आणि कधी दडी मारली, याचं गणित त्यामुळे पार चुकलं. ते उलगडायला शेवटी माणसांनाच शेतात जाऊन शेतकऱ्यांना विचारावं लागलं, कोणतं बी पेरलंत? त्यानंतर मॉडेल दुरुस्त झालं आणि ८१ लाख डॉलर मंजूर झाले. ते हाती आले जानेवारी २०१७ मध्ये, तोवर पुढच्या हंगामाची पेरणी होऊन गेली होती.