सॉफ्टवेअरची वर्गणी पद्धत

चित्रसंपादन, पुस्तकांची मांडणी, व्हिडिओ एडिटिंग अशा कामांची सॉफ्टवेअर एकरकमी विकत न घेता दरमहा किंवा दरसाल पैसे भरून वापरण्याची पद्धत. हप्ता थांबला की प्रोग्रामही थांबतो. तसा पूर्वी सीडीचा खोका एकरकमी विकत घेणाराही कायद्याने प्रोग्रामचा मालक कधीच नव्हता, त्याला मिळे तो वापराचा परवाना. पण त्या परवान्याला मुदत नसे, आणि सारा फरक या मुदतीचाच आहे.

या क्षेत्राला निर्णायक वळण दिले ते फोटोशॉप बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीने. तिने २०१२ मध्ये ‘क्रिएटिव्ह क्लाउड’ ही वर्गणी सुरू केली, तेव्हा ‘क्रिएटिव्ह सूट ६’ (सीएस६) हा कायमचा संचही विकायला होता. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीदारांनाच मिळतील. विरोधातल्या ऑनलाइन अर्जावर तीस हजारांहून अधिक सह्या झाल्या, पण निर्णय बदलला नाही. छायाचित्रकारांसाठी मात्र त्याच वर्षी फोटोशॉप आणि लाइटरूमची महिना ९.९९ डॉलरची योजना आली.

सीएस६चा सर्वांत मोठा संच २,५९९ डॉलरला होता आणि क्लाउडची वर्गणी वार्षिक करारावर महिना ४९.९९ डॉलर. म्हणजे चार वर्षे चार महिन्यांत संचाची किंमत भरून होई आणि पुढे भरणे चालूच राही. दर नवी आवृत्ती घेणाऱ्या मोठ्या स्टुडिओला हे परवडले. एकच आवृत्ती सहा-सात वर्षे पुरवून वापरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाची मात्र ती काटकसरच संपली. कंपनीलाही सुरुवातीला झळ बसली. आर्थिक वर्ष २०१२ मधले सुमारे ४.४ अब्ज डॉलरचे उत्पन्न पुढच्या वर्षी ४.१ अब्जांच्या आसपास आले. २०२४ मध्ये ते २१ अब्जांच्या वर होते.

वर्गणीदाराचे काम दुसऱ्याच्या हाती किती असते, हे ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हेनेझुएलात दिसले. अमेरिकी निर्बंधांमुळे तिथली सर्व खाती बंद करण्याची सूचना अ‍ॅडोबीने दिली. परवानगी मिळाल्यावर ती मागे घेतली, पण मधले काही आठवडे तिथल्या कलाकारांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीवर खटला भरला. मुदतीआधी वर्गणी सोडण्याचे शुल्क ग्राहकांपासून दडवले आणि वर्गणी रद्द करणे मुद्दाम किचकट ठेवले, असा आरोप होता. भारतात १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा अनेकांचे हप्ते अडकले होते.

मराठी डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांना, यातला जुन्या फाइली उघडण्याचा प्रश्न फार जवळचा आहे. आपली छपाई कित्येक वर्षे पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामवर चालली. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मधली. सोबत श्रीलिपी किंवा आयएसएमचे फॉन्ट असत. दिवाळी अंकांच्या, लग्नपत्रिकांच्या, पाठ्यपुस्तकांच्या जुन्या फाइली याच जोडीत अडकलेल्या आहेत. म्हणून छापखान्याच्या कोपऱ्यात एखादा जुना संगणक अजून राखलेला दिसतो, मागे फॉन्टचे डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) खोचलेले. ‘त्याला हात लावू नका, जुनं काम त्यावरच उघडतं,’ असे ऑपरेटर बजावतो. तो संगणक चालतो, कारण त्यातला परवाना संपत नाही. पेजमेकरची फाइल उघडणारी इनडिझाइनची (अ‍ॅडोबीच्या पाने जुळवण्याच्या नव्या प्रोग्रामची) शेवटची आवृत्तीही सीएस६च, म्हणजे खोक्यातली. देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय इनडिझाइनमध्ये आली तीही त्याच आवृत्तीत, त्यामुळे ती अनेकांनी जपून ठेवली आहे.

पर्यायही उभे राहिले. २०१४ पासून आलेली अ‍ॅफिनिटी ही चित्रसंपादन आणि मांडणीची सॉफ्टवेअर एकरकमी मिळत. ती बनवणारी कंपनी २०२४ मध्ये कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने घेतली. क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर ही मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत.

वर्गणी सोडणाऱ्याने एक काम आधी उरकावे. क्लाउडमधल्या इनडिझाइनची साधी फाइल सीएस६मध्ये उघडत नाही, ती आयडीएमएल या जुन्या आवृत्त्यांनाही वाचता येणाऱ्या स्वरूपात साठवावी लागते, आणि तसे साठवायला प्रोग्राम चालू असावा लागतो. म्हणून शेवटचा हप्ता संपण्याआधीच सगळ्या फाइली एकेक करून उघडाव्यात आणि त्यांच्या आयडीएमएल व पीडीएफ प्रती काढून ठेवाव्यात.