मिलिमीटरने विकली जाणारी स्प्रिंग: ऑटोक्रॉससाठी लोअरिंग स्प्रिंग निवडण्यामागची पार्श्वभूमी

गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगच्या खोक्यावर ठळक छापलेला आकडा मिलिमीटरचा असतो: पुढे ३०, मागे ३०. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या जागेवर प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडून वेळेशी लढण्याच्या खेळात, गाडी कशी वागणार हे मात्र दुसऱ्याच आकड्यावर ठरतं. तो आकडा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा, एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन लागतात ते. तो खोक्यावर बहुधा नसतोच. कोनांमधून गाडी वळवायला निघालेला माणूस उंचीच्या आकड्यावर स्प्रिंग विकत घेतो आणि मग पुढची चाकं वळायला तयार का नाहीत म्हणून डोकं खाजवतो. हा घोळ आजचा नाही. त्याची मुळं तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिलं मूळ आरामात आहे. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि वेटोळ्याच्या स्प्रिंगा दिल्या. त्यामागचं डोकं मॉरिस ऑली यांचं होतं. रोल्स-रॉइसमधून आलेल्या या अभियंत्याने गाडीच्या हेलकाव्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि नंतर मागच्या. म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जलद झुलली, तर ती पुढचीला गाठते आणि गाडी डोकं न हलवता सपाट राहते. हा नियम आजही साध्या गाड्यांमध्ये पाळला जातो. पुढचा झोका सेकंदाला एक ते सव्वाच्या आसपास, मागचा थोडा जास्त. म्हणजे कंपनीतून निघालेली स्प्रिंग प्रवाशाच्या कमरेचा विचार करून निवडलेली असते.

त्यानंतर १९५० मध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सुल आणि झेफिर आल्या. त्यांच्या पुढच्या चाकांना अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा स्ट्रट होता, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. पुढे पुढचं चाक ओढणाऱ्या छोट्या गाड्यांचा जमाना आला आणि हा स्ट्रट जवळजवळ सगळीकडे पोचला. गाडी खाली बसवल्यावर सर्वांत जास्त कुरकूर करणारी रचनाही हीच. तिच्याकडे परत यायचंच आहे.

दुसरं मूळ दिसण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात गाड्या जमिनीलगत आणण्याची हौस फोफावली. मार्ग दोन: स्प्रिंगचा फेरा कापायचा, नाहीतर गॅसच्या ज्योतीने तापवून ती खाली बसू द्यायची. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं आणि पुढे ती आपोआप बसतच जाते, तीही दोन बाजूंना वेगवेगळी. तो उपाय तेव्हाही वाईट होता, आजही वाईटच आहे. गाड्या इतक्या खाली आल्या की चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा, असा कायदा तिथे १९५८ च्या सुरुवातीपासून लागू झाला. हौशी लोकांनी त्यावर हायड्रॉलिक पंप बसवून गाडी वर-खाली करण्याची युक्ती काढली, पण ती वेगळी गोष्ट आहे.

फेरा कापण्यात मात्र थोडं शास्त्र आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो आणि कामाच्या (म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या) फेऱ्यांच्या संख्येने भागला जातो. १२ मिमी तार, मधोमध मोजलेला १२० मिमी व्यास आणि सहा कामाचे फेरे असतील, तर कडकपणा साधारण २० न्यूटन/मिमी येतो. एक फेरा कापला की २४, म्हणजे वीस टक्के वाढ. तार फक्त एक मिलिमीटरने जाड केली, तर वाढ ३८ टक्के. कॅलिपर घेऊन कोणत्याही सरळ (दबताना कडकपणा न बदलणाऱ्या) स्प्रिंगचा कडकपणा घरी काढता येतो तो याच हिशेबाने. जाडी मोजताना रंगाचा थर खरवडा. चौथ्या घातात अर्धा मिलिमीटरसुद्धा मोठी चूक करतो.

तिसरं मूळ जर्मनीतलं आहे, आणि आजच्या खोक्यावरचा आकडा मुख्यतः तिथूनच आला. फिन्नेनट्रॉप इथल्या आयबाखसारख्या, १९५१ पासून स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्यांनी पुढे विशिष्ट गाडीसाठी तयार संच विकायला घेतले. तिथे गाडीत असा बदल केला की तो तपासून मंजूर व्हावा लागतो, आणि तपासणीत एक अट फार कळीची ठरते: चाक पूर्ण लटकलं असताना स्प्रिंग आपल्या जागी सैल होता कामा नये. ही अट वाटते तितकी सोपी नाही.

एक गाडी घेऊ. वजन १२०० किलो, प्रत्येक चाकावर ३०० (हिशेब सोपा राहावा म्हणून चाकांचं स्वतःचं वजन वेगळं काढलेलं नाही). मूळ स्प्रिंग २० न्यूटन/मिमी. उभ्या गाडीखाली ती १४७ मिमी दबलेली असते. तिथून चाक ९० मिमी खाली लटकू शकतं असं धरू. पूर्ण लटकल्यावरही स्प्रिंग ५७ मिमी दबलेली राहते. आता २५ न्यूटन/मिमीची स्प्रिंग घातली तर ती ११८ मिमीच दबेल. लांबी तीच ठेवली तर गाडी खाली येण्याऐवजी २९ मिमी वर जाईल! ३० मिमी खाली आणायची तर स्प्रिंगची मोकळी लांबी ५९ मिमीने कमी हवी. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र तोच आहे, त्यामुळे चाक आता १२० मिमी लटकतं आणि स्प्रिंग दबलेली होती ११८ मिमी. ती दोन मिलिमीटरने सैल झाली. तपासणीत नापास.

यातून निघालेली वाट म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग. वरचे दोन-तीन फेरे जवळजवळ आणि मऊ. ते लटकलेल्या चाकाला स्प्रिंग धरून ठेवतात आणि वजन आलं की एकमेकांना चिकटून बाद होतात. कल्पना चांगली आहे. पण हे फेरे उभ्या गाडीत पूर्ण चिकटलेले नसतील, तर कडकपणा वळणाच्या मध्यावर बदलतो: बाहेरचं चाक कडक, आतलं मऊ. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीतल्या कोनांमधून नागमोडी जाताना, गाडी सेकंदाच्या आत एका बाजूवरून दुसरीवर पडते. तिथे असा बदलता कडकपणा चालकाला चकवतो, आणि डॅम्परलाही (शॉक अ‍ॅब्सॉर्बरलाही) कोणत्या कडकपणाशी जुळवून घ्यावं ते कळत नाही. म्हणून प्रोग्रेसिव्ह संच बसवल्यावर गाडी जमिनीवर उभी असताना टॉर्च मारून बघा. जवळचे फेरे टेकलेले असतील तर पुढचा सगळा व्यवहार सरळ स्प्रिंगसारखाच आहे, घाबरायचं कारण नाही.

याच काळात शर्यतीच्या मैदानावर खालपणाला एक वेगळाच मान मिळाला. १९७८ च्या लोटस ७९ ने गाडीखालच्या हवेतून चिकटण्याचं बळ काढलं. हे बळ पेलायला आणि गाडी जमिनीलगत राखायला स्प्रिंगा दगडासारख्या झाल्या. १९८१ मध्ये फॉर्म्युला वनला जमिनीपासून किमान सहा सेंटिमीटर उंचीचा नियम आणावा लागला. खाली आणि कडक म्हणजे वेगवान, हे समीकरण तेव्हापासून डोक्यात बसलं. ऑटोक्रॉसच्या वेगाला साध्या गाडीखालची हवा काहीही करत नाही.

ऑटोक्रॉसचा स्वतःचा इतिहास तर नेमका उलट धडा देतो. (इथे म्हणायचंय ते डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेवर कोन मांडून एकेका गाडीने वेळेशी लढण्याबद्दल. ब्रिटनमध्ये याच शब्दाचा अर्थ गवताळ किंवा मातीच्या मैदानावरची शर्यत असा आहे, आणि तिथे गाडी खाली बसवणं म्हणजे वेडेपणा.) अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लबने या खेळाला 'सोलो' नाव दिलं आणि १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड, निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात. सगळ्यांत कमी बदलांच्या गटाला, जो २०१४ पासून 'स्ट्रीट' म्हणून ओळखला जातो, मूळ स्प्रिंगच ठेवावी लागते. डॅम्पर बदलता येतो, एक अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बदलता येतो, आणि अलाइनमेंट (चाकांचा कल आणि दिशा) गाडी देईल तेवढं. स्प्रिंगला हात लावायचा तर 'स्ट्रीट टूरिंग'सारख्या वरच्या गटात जावं लागतं. या बंधनामुळे कित्येक वर्षं लोकांनी मूळ स्प्रिंगवरच वेळ कमी करण्याचा अभ्यास केला. स्प्रिंग विकत घेण्याआधी आपल्या गटाचा नियम वाचावा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. तीस मिलिमीटरच्या नादात साध्या गाडीसह तगड्या गटात जाऊन पडलेले लोक दर हंगामात दिसतात.

खाली बसवून मिळतं काय, ते मोजून बघू. वर घेतलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५० मिमी उंच, दोन चाकांतलं अंतर १५०० मिमी आणि वळणाचं बळ एक जी (गाडीच्या वजनाइतकं) धरलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४३०० न्यूटन जातात. गाडी ३० मिमी खाली आणली की ४१०० च्या आतबाहेर. फायदा साडेपाच टक्के. खरा आहे, पण लहान.

आता किंमत बघा. यातले निम्मे पुढच्या बाहेरच्या चाकावर येतात असं धरा. मूळ स्प्रिंग २०, आणि वळणात अँटी-रोल बारची भर आणखी २०. चाक ५४ मिमी वर दबतं. बंप स्टॉपपर्यंत (दबणारं चाक शेवटी ज्या रबरावर अडतं तिथपर्यंत) जागा समजा ८०. लो केलेल्या गाडीत २५ अधिक २० कडकपणावर चाक ४५ मिमी दबतं, पण जागा उरली आहे ५०. ब्रेक मारत वळणात शिरलात की नाक आणखी दबणार आणि स्ट्रट रबरावर टेकणार. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम अनेक पटींनी वाढतो, बाहेरच्या टायरवर भार आदळतो आणि गाडी सरळच जाऊ लागते. चालकाला वाटतं टायरच वाईट आहेत.

त्यात मॅकफर्सन स्ट्रटची कुरकूर. गाडी खाली आली की चाकाला धरणारा खालचा आर्म आडवा होतो, नंतर चाकाकडचं टोक वर जातं. रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त झपाट्याने खाली घसरतो, म्हणजे गाडीला कलंडवणारा दांडा लांब होतो. शिवाय वळणात चाकाला मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या टोकाचा आतला कल) आटतो. फार खाली बसवलेली आणि जेमतेम कडक केलेली गाडी मूळच्यापेक्षा जास्त कलू शकते ती यामुळे. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि चाक दबताना टो (चाकाची आत-बाहेर दिशा) आपोआप बदलतो. लांब दांड्याचे बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं टोक खाली आणणारे भाग मिळतात, पण ते लागू लागले की स्वस्त स्प्रिंगचा स्वस्तपणा संपला. (आणि काही गटांत ते चालतही नाहीत.)

कडकपणा किती हवा? २० न्यूटन/मिमीवर आपल्या गाडीचा झोका १.३ हर्ट्झ (सेकंदाला १.३ वेळा) आहे. २५ वर १.४५. बाजारातल्या बहुतेक लोअरिंग संचांची उडी एवढीच असते. रस्त्यावरही चालणाऱ्या ऑटोक्रॉस गाडीला २ हर्ट्झच्या जवळपास जायचं, तर चाकापाशी ४७ न्यूटन/मिमी लागतात. तेव्हा त्याच वळणात चाक ३० मिमीच दबतं आणि जागा पुरून उरते. आकडा चाकापाशी मोजायचा, स्प्रिंगपाशी नाही. मॅकफर्सनमध्ये दोन्ही जवळपास सारखे. डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्मच्या रचनेत) चाक एक मिलिमीटर हललं तर स्प्रिंग कदाचित ०.६५ मिलिमीटरच दबते. हे गुणोत्तर वर्गाने लागतं, त्यामुळे त्याच ४७ साठी स्प्रिंग ११० च्या वर हवी. स्प्रिंगवर आकडा किलो प्रति मिलिमीटरमध्ये असेल तर ९.८१ ने गुणा. पाउंड प्रति इंचात असेल तर ५.७ ने भागा.

आमचा कल स्पष्ट आहे: १५ ते २० मिमीच खाली येणारी, पण कडकपणात पन्नास टक्के किंवा अधिक वाढ देणारी सरळ स्प्रिंग मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल, तर मूळ स्प्रिंग राहू द्या आणि तो पैसा चांगले डॅम्पर, मागचा जाड बार आणि दोन-अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर यांवर घाला. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीत मागची बाजू प्रमाणाने जास्त कडक करा, म्हणजे नाक आत येतं. मागचं चाक ढकलणाऱ्या गाडीत तेच केलं तर वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक फिरत बसतं.

डॅम्परची गरज कडकपणाच्या वर्गमुळाने वाढते. स्प्रिंग २५ टक्के कडक, तर डॅम्पिंग १२ टक्के जास्त. धडधाकट मूळ डॅम्पर हे पेलतो. स्प्रिंग दुप्पट, तर डॅम्पिंग ४१ टक्के जास्त, आणि तिथे तो हात टेकतो. प्रत्येक कोनामागे गाडी दोनदा डोलते. कोनी किंवा बिलस्टीनसारख्या जुन्या कारखान्यांचे डॅम्पर ऑटोक्रॉसमध्ये रुळले ते मूळ डॅम्परच्या या मर्यादेमुळेच.

बसवताना चुका ठरलेल्या आहेत. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा आणि हाताच्या पान्याने आळीपाळीने फिरवा. इम्पॅक्ट गन लावली की हुक निसटतो आणि जीवावर बेततं. स्ट्रट नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) जोडणाऱ्या बोल्टांची मूळ जागा खूण करून ठेवा. स्प्रिंगचं टोक खालच्या बशीच्या खाचेत टेकलं पाहिजे. बंप स्टॉप कापायला उत्पादकाने सांगितलं असेल तरच कापा, तेही जाड बाजूने. निमुळतं टोक ठेवायचं, कारण पहिला मऊ स्पर्श त्याचाच असतो. लॉकिंग नट नवे वापरा. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी खोटी उंच उभी राहते आणि काही महिन्यांत बुश फाटतं. उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरमधली हवा हिशेबात येत नाही. दोनेकशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसल्यावर, चालकाच्या जागी चालकाइतकं वजन ठेवून अलाइनमेंट करा.

मग स्ट्रटच्या दांड्यावर एक छोटा केबल टाय घट्ट आवळा, खाली सरकवून सीलला टेकवा आणि एक फेरी मारा. डॅम्परचं अंग जितकं वर गेलं तितका टाय वर ढकलला गेलेला असतो. तो बंप स्टॉपच्या दहा मिलिमीटर अलीकडे थांबला असेल तर स्प्रिंग बरोबर आहे. रबरात रुतून बसला असेल, तर आणखी कडक स्प्रिंग हवी किंवा गाडी थोडी वर घ्यावी लागेल.