माड हे झाड की गवत?

नववीच्या विज्ञानात ऊतींचा पाठ आला की नारळाचे सोडण हमखास येते. काथ्या म्हणजे दृढ ऊती, जाड भिंतींच्या मृत पेशी, एवढे लिहिले की गुण मिळतात. गोव्यातल्या वर्गात मात्र इथेच कुणीतरी विचारते, माड हे झाड की गवत? हा प्रश्न पुस्तकातला नव्हे, विधानसभेतला.

झाडे राखण्याचा कायदा गोव्यात १९८४ पासून आहे. त्यात झाड म्हणजे काष्ठमय वनस्पती, खोडावर आधारलेल्या फांद्यांची, जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर खोडाचा व्यास किमान ५ सेंटीमीटर आणि उंची किमान १ मीटर. माड उंचीत कुणाला हार जाणार नाही, पण फांद्यांपाशी अडतो. त्याची चुडते, म्हणजे झावळ्या, थेट शेंड्यातून निघतात. म्हणून व्याख्येत त्याचे नाव वेगळे घालावे लागले होते. २०१६ च्या सुरुवातीला ते काढून टाकले. म्हातारे, फळ न धरणारे माड काढून नवे कवाथे, म्हणजे माडाची रोपे, लावायचे तर बागायतदाराला परवान्यासाठी खेटे घालावे लागतात, असे सरकारचे म्हणणे. विरोधकांचा आरोप वेगळा होता: सांगे तालुक्यातल्या एका प्रकल्पाच्या आड माड येत होते. बागायतदाराची अडचण खरीच होती, पण ती परवान्याचे नियम सैल करूनही सुटली असती. त्यासाठी माडाला झाडांच्या पंगतीतून उठवायची गरज नव्हती.

वादात 'माड हा गवताच्या जातीचा' हे वाक्य फार फिरले. त्यात अर्धेच सत्य आहे. गवत आणि माड दोन्ही एकदलिकित, म्हणजे एकाच दलाच्या बीचे, दोघांची मुळे तंतुमय, दोघांच्या पानांच्या शिरा समांतर. पण गवताचे कुल वेगळे आणि माडाचे ताल कुल वेगळे. एकदलिकित म्हणजे गवत असे धरले तर केळ, कांदा आणि आळूसुद्धा गवतच ठरतील.

आंबा-फणसापेक्षा माड खरोखर वेगळा आहे तो पार्श्व विभाजी ऊतीच्या बाबतीत. आंब्याच्या खोडात ती वर्षानुवर्षे नव्या पेशी घालते, खोड जाड होते, जखम भरून येते. माडात ती नाहीच. सारी वाढ शेंड्याच्या एका कोंबावर. भुंग्याने तो पोखरला की माड गेला. बुंध्याच्या आत वार्षिक वलये नसल्याने त्याचे वयही कापून मोजता येत नाही. माडाची जखम भरत नाही याचा पुरावा गोव्यात कुठल्याही भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, दिसेल: नारळ पाडणाऱ्या पाडेल्याने किंवा सूर काढणाऱ्या रेंदेराने चढायला घातलेल्या खाचा चाळीस वर्षांनीही तशाच्या तशा असतात. आंब्याला घातलेला घाव तोवर बुजून गेला असता.

आणि मुळात 'झाड' हा वनस्पतिशास्त्रातला वर्गच नाही. ते वाढीचे एक रूप आहे, अनेक कुलांत आढळणारे. वर्गीकरणाच्या पाठात झाड, झुडूप, वेल ही विभागणी प्राथमिक शाळेपुरती येते आणि पुढे गळते. कायद्याने मात्र तीच धरली.

आपल्याकडे हा पेच जुना आहे. अमरकोशात नारळ, पोफळ, ताड, खजूर यांना मिळून 'तृणद्रुम' म्हटले आहे, म्हणजे गवतही आणि झाडही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने तर ताल वर्गातल्या वनस्पती, बांबू आणि वेत सरळ झाडांत मोजले. केंद्राच्या कायद्यात माडासारख्यांना झाड म्हणायला हरकत नव्हती आणि ज्या राज्यात दारोदारी माड, तिथेच ती निघाली.

२०१७ मध्ये नव्या सरकारने चाक उलटे फिरवले. माड पुन्हा झाडांत आला, शिवाय राज्यवृक्षही झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने वन कायद्याच्या व्याख्येतून बांबू वगळला. बांबू हे अस्सल गवत, त्यामुळे निदान वनस्पतिशास्त्राच्या अंगाने त्यावर फारसे कुणी भांडले नाही.