रोग बाजाराच्या वाटेनं येतो: सोलापूरच्या गुरांच्या बाजारामागचा इतिहास

सांगोल्याचा रविवारचा बाजार, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतला, कार्तिकीला वाखरीत भरणारा. खिल्लार खोंडांसाठी विजापूरकडचे व्यापारीही इथे येतात. एका दिवसात शेकडो गोठ्यांचा संबंध जुळतो आणि रोगाला नेमकं हेच हवं असतं.

हे जुनंच आहे. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांड्या हा गुरांचा जीवघेणा साथरोग पसरला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये पशुरोगांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. बुळकांड्या २०११ मध्ये जगातून गेला, कारण त्याची लस जन्मभर पुरायची.

लाळ्या-खुरकुताचं, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड येणाऱ्या रोगाचं, तसं नाही. लस दर सहा महिन्यांनी टोचावी लागते, आणि तोंडात फोड दिसण्याआधीच लाळेतून विषाणू बाहेर पडू लागतो. बाजारात दात बघताना एकच हात दहा जनावरांच्या तोंडात जातो, मग तोच हात रुमालाखाली सौद्याला. ब्रिटनमध्ये २००१ साली याच रोगाची लक्षणं मेंढ्यांत सौम्य होती, म्हणून तो लवकर ओळखू आला नाही. हेक्सम आणि लाँगटाऊनच्या बाजारांतून रोग देशभर गेला. वाहतूकबंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

लम्पी, म्हणजे अंगावर गाठी येणारा गुरांचा त्वचारोग, भारतात २०१९ मध्ये ओडिशात दिसला. माश्या, डास, गोचीड तो जवळपास पसरवतात. जिल्हे ओलांडतो तो टेम्पोतून. म्हणूनच २०२२ मध्ये राज्यात गुरांचे बाजार बंद केले, कार्तिकीचा बाजारही भरला नाही. शेतकऱ्याचं नुकसान झालं, पण तो निर्णय योग्यच होता.

बाजाराच्या सकाळी टोचलेली लस त्या दिवशी कामाची नाही. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. खुरकुताची साथ असेल तर टेम्पोतलं शेण-पेंढा आधी पूर्ण काढावा, मग १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा मिसळून धुवावा. शेण तसंच ठेवून वरून फवारलं तर औषध विषाणूपर्यंत पोचतच नाही. विकत आणलेलं जनावर २८ दिवस वेगळं बांधावं.

सगळ्यात जास्त चूक होते ती न विकलेल्या जनावराबाबत. ते घरचंच म्हणून संध्याकाळी थेट जुन्या दावणीला जातं. दिवसभर तेही त्याच बाजारात उभं होतं. त्यालाही तितकेच दिवस वेगळी गव्हाण आणि वेगळं पाणी हवं.