घरी शिकणारी मुलं आणि कलम 10

कोल्हापुरात कुणी 'पोरगं शाळेत घालणार नाही' म्हटलं की शाहू महाराजांचं नाव निघतंच. 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. घरी राहिलेलं पोर तेव्हा गुरांमागं नाहीतर शेतावर जायचं, त्यामुळं त्या दंडाबद्दल तक्रार करायला जागा नाही. आज शिकलेसवरलेले आईबाप ठरवून मुलं घरी शिकवतात, तरी गल्लीत त्यांच्याकडं त्याच नजरेनं बघितलं जातं.

गुंता सुरू झाला तो 1 एप्रिल 2010 ला, शिक्षण हक्क कायद्यापासून. 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य, असं कलम 10 सांगतं. विनामान्यता शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे. कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला मात्र काहीच शिक्षा नाही, महाराजांचा रुपयासुद्धा नाही. मग घरी शिकवणं कायदेशीर की बेकायदा? दिल्लीत घरीच शिकणारी एक मुलगी हाच प्रश्न घेऊन उच्च न्यायालयात गेली. शाळेत न जाता परीक्षा देता येते अशा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या परीक्षा 14 वर्षांखालच्या मुलांना बंद होतील, ही तेव्हाची मोठी धास्ती होती. 2012 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की स्वेच्छेनं घरी शिकवणाऱ्यांनी खुशाल शिकवावं, कायदा आड येत नाही. पालकांना हायसं वाटलं. पुढं त्याच खात्यानं ते म्हणणं नजरचुकीचं ठरवून मागं घेतलं. एवढ्या नाजूक मुद्द्यावरची नजरचूक पचायला जड जाते. तेव्हापासून परवानगीही नाही आणि कारवाईही नाही, अशी अवस्था आहे.

शासनाच्या खानेसुमारीत अशा मुलांना वेगळा रकाना नाही. 4 जुलै 2015 ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं शोधली गेली. वीटभट्टीवरचं, ऊसतोडीच्या पालावरचं मूल सापडावं यासाठी ती मोहीम होती आणि ती हवीच होती. पण कागदावर पालातलं मूल आणि राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आईजवळ व्याकरण शिकणारं मूल एकाच यादीत बसतं. म्हणून बरेचजण ओळखीच्या शाळेत नुसतं नाव घालून ठेवतात. विद्यार्थ्यांची नोंद ऑनलाइन झाल्यापासून तेही अवघड झालं आहे.

घरातला दिवस कसा जातो, हे या वादात कुणी विचारत नाही. ओळखीच्या एका घरात पावसाळ्यात गणिताचं पुस्तक मिटलेलंच असतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज वहीत उतरवायची आणि आलेखावर 39 फुटांची इशारा रेघ, 43 फुटांची धोक्याची रेघ आखायची. मुलीनं 41 फूट 7 इंच हे 41.7 धरून ठिपका दिला, तो दुसऱ्या दिवशीच्या 41 फूट 10 इंचाशी जुळेना. इंच बाराचे असतात, दहाचे नाही, हे तिला त्या दिवशी कळलं ते कायमचं. आजीचं मात्र, 'अगं, पोरीला दप्तर कधी आणणार?' हे चालूच असतं.

खरी कसोटी दहावीला लागते. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जी शाळेत गेलीच नाही तिनं तो आणायचा कुठून? 2017 मध्ये राज्यानं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढायचं ठरवलं, त्यानं पाचवी आणि आठवीच्या परीक्षेची वाट झाली. पण तिथं दहावीला 15 वर्षं पूर्ण लागतात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला 14 पुरतात. त्यामुळं मराठीतून शिकलेली मुलंही सहसा राष्ट्रीय मंडळाकडंच वळतात.