वाफेवरचे दोन काउबॉयपट आणि त्यांतल्या दोन बायका

काउबॉय, वाफेचं इंजिन, विक्षिप्त संशोधक आणि भरपूर विनोद असं वर्णन केलं की दोन चित्रपटांची नावं हमखास एका दमात येतात: 'बॅक टू द फ्युचर'चा तिसरा भाग आणि 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'. स्टीमपंकच्या, म्हणजे वाफेच्या अचाट यंत्रांच्या कल्पित कथांच्या चर्चेतही ते शेजारी शेजारी येतात. ज्यांनी केबलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेत त्यांच्या डोक्यात तर दोघांची सरमिसळ झालेली असते. यांत्रिक कोळी नेमका कुठल्या चित्रपटात होता आणि उडणारी आगगाडी कुठल्या, हे चटकन आठवत नाही. सारखेपणाही थोडाथोडका नाही. पहिला १९९० चा, दुसरा १९९९ चा. एकाची गोष्ट १८८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हिल व्हॅली या काल्पनिक गावात घडते, दुसऱ्याची १८६९ मध्ये. दोन्हींत पुरुषांची एक जोडी आहे, आगगाडी आहे, आणि जिचं नाव लक्षात राहावं अशी बाई एकच आहे.

तरी माझ्या मते हे दोन चित्रपट एका जातीचे नाहीत, आणि त्यांतला फरक ओळखायचा तर यंत्रांकडे आणि बायकांकडे एकत्रच बघावं लागतं. ज्या चित्रपटात यंत्राला काम दिलंय, तिथे बाईलाही काम मिळालंय. जिथे यंत्र मिरवायला आणलंय, तिथे बाईही मिरवायलाच आणली आहे.

आधी स्टीमपंकबद्दल थोडं. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये एका पत्रात वापरला आणि तो रुळला. जुनं यंत्र दिसलं की स्टीमपंक, असं मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातली वाफ, पितळ, दट्ट्या आणि दातेरी चाकं एवढ्याच सामग्रीत, त्या काळात प्रत्यक्षात कधीच झालं नाही असं काहीतरी उभं करायचं, हा त्याचा गाभा. अनेकांना वाटतं की काउबॉयच्या गोष्टीला हे वाफेचं प्रकरण अलीकडे बाहेरून चिकटवलं गेलं. तसं नाही. १८६८ मध्येच एडवर्ड एलिस या लेखकाची एक स्वस्त कादंबरी अमेरिकेत आली. तिच्यात एक पोरगा वाफेवर चालणारा लोखंडी माणूस बनवतो, त्याला गाडी जुंपतो आणि पश्चिमेच्या गवताळ मैदानांवर निघतो. कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. न्यूजर्सीतल्या न्यूअर्क शहरात झॅडॉक डेडरिक याने त्याच वर्षी खरोखरच वाफेच्या माणसाचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे वेस्टर्न, अर्थात काउबॉयच्या, कथा आणि वाफेची अचाट यंत्रं लहानपणापासून एकाच अंगणात खेळलेली आहेत. फक्त त्या अंगणात मुलींना बोलावलेलं नव्हतं. एलिसच्या कादंबरीत मोहिमेवर निघतात ते सगळे पुरुषच.

आता 'बॅक टू द फ्युचर ३'. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस, काळयंत्र बनवणारा विसाव्या शतकातला संशोधक डॉक ब्राउन याच्या भूमिकेत ख्रिस्तोफर लॉइड, त्याचा तरुण मित्र मार्टी याच्या भूमिकेत मायकेल जे. फॉक्स. डॉक १८८५ मध्ये अडकलाय आणि लोहारकी करून पोट भरतोय. त्याच्या भट्टीत एक अवाढव्य यंत्र आहे. धूर ओकत, दणदणाट करत, अख्खी खोली व्यापून ते शेवटी काय देतं, तर चहात टाकायला बर्फाचा एक मळकट खडा. या चित्रपटातलं स्टीमपंक इथे मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण विनोद आणि विज्ञान दोन्ही त्या एका खड्यात आहेत. माणसाला भविष्यातलं सगळं ठाऊक आहे, पण हाताशी लोखंड, पाणी आणि लाकूड एवढंच आहे.

पुढची अडचण याच पठडीतली. त्यांचं काळयंत्र म्हणजे डेलोरियन नावाची मोटार. तिची इंधनाची नळी फाटते आणि १८८५ मध्ये पेट्रोल मिळायचं कुठे? काळात उडी मारायला ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेग लागतो. घोडे जुंपून बघतात, जमत नाही. मग रेल्वेचं इंजिन पळवून त्याने गाडीला मागून ढकलायचं ठरतं, आणि बॉयलर जास्त तापावा म्हणून डॉक हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन खास ओंडके तयार करतो. प्रत्येक रंगाबरोबर वेग वाढतो आणि धोकाही. चित्रीकरणासाठी वापरलेलं इंजिन खरं, सिएरा रेल्वेचं ३ क्रमांकाचं, १८९१ मध्ये बांधलेलं. पडद्यावर त्याचं वजन जाणवतं ते त्यामुळेच. इथलं प्रत्येक यंत्र कुठल्यातरी अडचणीचं उत्तर म्हणून आलेलं आहे.

आणि क्लारा क्लेटन? मेरी स्टीनबर्जनने रंगवलेली ही गावातली नवी मास्तरीण. वेस्टर्नमध्ये बायकांचे दोनच ठरलेले साचे: एक शाळेतली सोज्वळ मास्तरीण, दुसरी सलूनमधली, म्हणजे तिथल्या दारूच्या गुत्त्यातली, नाचणारी. क्लारा पहिल्या साच्यातून येते खरी, पण येताना दुर्बीण घेऊन येते. अकराव्या वर्षी घटसर्प झाला, तीन महिने कुणात मिसळायला बंदी, म्हणून वडिलांनी ती दुर्बीण पलंगाशेजारी ठेवली, असं ती सांगते. दुर्बीण दुरुस्तीला म्हणून डॉककडे येते आणि मग रात्री दोघं चंद्र बघत बसतात. बोलता बोलता डॉक कौतुकाने सांगतो की लहानपणी जूल्स व्हर्नची समुद्राखालची ती प्रसिद्ध कादंबरी वाचली तेव्हा आपल्याला कॅप्टन निमोला भेटावंसं वाटलं होतं. क्लारा त्याला तिथल्या तिथे पकडते: लहानपणी कसं वाचलंत, ते पुस्तक येऊन दहा वर्षंच तर झालीत! प्रेमाचा प्रसंग चालू आहे, आणि बाई तारखेचा हिशेब करतेय. विनोदी चित्रपटात बाईला इतकी सहज हुशारी क्वचित मिळते. (आपल्याकडे भा. रा. भागवतांमुळे जूल्स व्हर्न घरचा झालेल्या वाचकांना या प्रसंगात विशेष गंमत वाटेल, शिवाय निमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र.)

पण क्लाराची खरी ओळख दोन दोऱ्यांतून होते. डॉक तिला खरं सांगतो की मी भविष्यातून आलोय. तिला वाटतं, आपल्याला टाळायला हा थापा मारतोय; ती थोबाडीत देते आणि गाव सोडायला गाडीत बसते. गाडीत एक फिरता विक्रेता सलूनमध्ये भेटलेल्या प्रेमभंग झालेल्या माणसाबद्दल बोलत असतो. ते कानावर पडताच ती उठते आणि दोरी ओढून गाडी थांबवते. परत येते तर डॉकच्या भट्टीत काळयंत्राचा छोटा नमुना मांडलेला. तो बघून तिची खात्री पटते. कुणी समजावून सांगत नाही, पुरावा बघून ती स्वतः निष्कर्ष काढते. मग घोडा फेकत इंजिन गाठते, वर चढते, हाका मारते. डॉक बाहेर, पुढच्या बाजूला, डेलोरियनकडे सरकतोय. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नाही. तेव्हा ती शिट्टीची दोरी खेचते. तो वळून बघतो. वाफेच्या यंत्राचा आवाज तिने स्वतःचा आवाज करून घेतला! एवढा एक क्षण या चित्रपटाला दुसऱ्यापासून वेगळा काढायला पुरेसा आहे.

कारण 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'मध्ये नेमकी याच्या उलट जागा आहे. दिग्दर्शक बॅरी सॉनेनफेल्ड. सरकारी हेर जेम्स वेस्ट म्हणजे विल स्मिथ आणि त्याचा संशोधक जोडीदार आर्टेमस गॉर्डन म्हणजे केविन क्लाइन. रिटा एस्कोबार ही सलमा हाएकने केलेली व्यक्तिरेखा. खलनायकाच्या तावडीतून सुटून ती या दोघांच्या गाडीत येते. पुन्हा पकडलं जाण्याच्या भीतीने ती गॉर्डनने आत काहीबाही भरून ठेवलेला बिलियर्डचा गोळा उचलते. त्यातून गुंगीचा वायू सुटतो आणि वेस्ट, गॉर्डन आणि ती स्वतः असे तिघेही आडवे होतात. यंत्राला हात लावण्याची संधी तिला एकदा मिळते ती अशी. पुढे ती परत कैदेत जाते, आणि शेवटी कळतं की ज्याला ती वडील म्हणून शोधत होती तो प्राध्यापक तिचा नवरा आहे. हा विनोदही तिचा नाहीच. तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या दोन पुरुषांची फजिती एवढाच त्याचा अर्थ.

याच चित्रपटात तिच्या रात्रीच्या कपड्यांची मागची बाजू उघडी असल्याचा एक प्रसंग आहे. तिला ते ठाऊक नाही, पुरुषांना दिसतंय, आणि कॅमेरा पुरुषांच्या बाजूला उभा आहे. सलमा हाएकची कुवत कमी होती असं कुणी म्हणू नये. तीनच वर्षांनी तिने 'फ्रिडा'ची निर्मिती केली आणि त्यातल्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

खलनायक डॉ. लव्हलेसच्या मदतनीस बायकांची नावं बघा. दुरून ओठांच्या हालचाली वाचणारी लिपनरीडर, शस्त्रसज्ज म्युनिशिया, धिप्पाड अ‍ॅमेझोनिया. अवजारांना लावलेल्या चिठ्ठ्या वाटाव्यात अशी ही नावं. मुळात या तिघींकडे कसब आहे, जोखमीची कामं आहेत. नीट लिहिल्या असत्या तर त्यांच्यावर वेगळा चित्रपट निघाला असता. इथे त्या लव्हलेसच्या आसपास उभ्या राहतात, नटलेल्या आणि बहुतेक वेळ गप्प.

आणि यंत्रं? केनेथ ब्रॅनाने केलेला लव्हलेस यादवी युद्धात शरीराचा कमरेखालचा भाग गमावलेला माणूस. तो वाफेच्या खुर्चीत फिरतो आणि ऐंशी फुटी लोखंडी कोळ्यावर बसून राष्ट्राध्यक्ष ग्रँटला शरण यायला सांगतो. यूटामधल्या प्रॉमंटरी इथे १० मे १८६९ रोजी दोन बाजूंनी आलेले रेल्वेमार्ग सोन्याचा खिळा ठोकून जोडले गेले, त्या खऱ्या सोहळ्यावर चित्रपटात हल्ला होतो. कल्पना झकास आहे. पण कोळी हे कशाचं उत्तर आहे? ग्रँटला पकडायला ऐंशी फुटांचा कोळी लागत नाही. तो लागतो लव्हलेसला, आपण अजून पुरुष आहोत हे जगाला दाखवायला. चित्रपटातले त्याच्यावरचे बहुतेक टोमणेही तिथेच बोट ठेवतात. माझ्या मते इथेच यंत्र आणि बाई यांचा संबंध पक्का होतो: यंत्र जर पुरुषार्थाचं प्रदर्शन असेल, तर त्याला बघणारी, घाबरणारी किंवा शेजारी शोभणारी बाई लागते. चालवणारी बाई आली तर ते प्रदर्शनच कोसळेल. गॉर्डनच्या उडत्या यंत्राला मात्र शेवटी खरं काम आहे, हे मान्य करायला हवं. त्यावर स्वार होतात ते दोघे पुरुष.

बायकांचे कपडे घातलेल्या पुरुषांवरचे विनोदही याच चित्रपटात. गॉर्डन स्त्रीवेश घेतो, वेस्ट बेली डान्सर बनून लव्हलेसचं लक्ष गुंतवतो. दोन्ही वेळा हसायचं कशाला, तर बाईच्या शरीराची नक्कल किती ओबडधोबड आहे याला. झेमेकिसच्या चित्रपटात कपड्यांचा विनोद आहे तो मार्टीच्या झालरवाल्या गुलाबी काउबॉय पोशाखाचा. तिथे हसू येतं सिनेमानेच तयार केलेल्या खोट्या काउबॉयचं.

कुणी म्हणेल, काळच तसा होता, बायकांना वाव नव्हता. मला हे पटत नाही. चित्रपट ज्या १८६९ मध्ये घडतो त्याच वर्षी १० डिसेंबरला वायोमिंग प्रदेशाने बायकांना मताधिकार दिला. दोनच महिन्यांत यूटानेही दिला, म्हणजे सोन्याचा खिळा ठोकला गेला त्याच प्रदेशाने. १८७० मध्ये वायोमिंगच्या साउथ पास सिटी या खाणीच्या गावात एस्थर मॉरिस न्यायदंडाधिकारी झाली. १८७१ मध्ये मार्गारेट नाइटला सपाट बुडाच्या कागदी पिशव्या बनवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं, तेही तिची कल्पना चोरणाऱ्या माणसाला कायद्याने हरवून. क्लाराच्या १८८५ मध्ये तर अ‍ॅनी ओकली ही नेमबाज बफेलो बिलच्या खेळात दाखल झाली. ऐंशी फुटी कोळी ज्यांना सुचला, त्यांना हातात पाना घेतलेली एक बाई सुचायला हरकत नव्हती, आणि तिच्यासाठी कल्पनाशक्ती ताणावीही लागली नसती. पैशांचीही कमतरता नव्हती. 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'चा खर्च सुमारे १७ कोटी डॉलर, 'बॅक टू द फ्युचर ३'चा सुमारे ४ कोटी.

विनोदी वेस्टर्नला हे जमतच नाही असंही नाही. १९४८ च्या 'द पेलफेस'मध्ये दातांचा डॉक्टर झालेला बॉब होप स्वतःला मोठा शूर समजतो. गोळ्या मात्र जेन रसेलची कॅलॅमिटी जेन झाडत असते. १९६५ च्या 'कॅट बलू'मध्ये जेन फोंडाची मास्तरीण थेट दरोडेखोर होते. वाफेचं एकही अचाट यंत्र नसताना दोन्हींत बाई गोष्ट पुढे नेते.

क्लारालाही मी डोक्यावर घेणार नाही. घोडे उधळतात तेव्हा डॉक तिला दरीच्या काठावरून वाचवतो आणि शिट्टी वाजवल्यावर ती झग्यावर लटकते तेव्हा पुन्हा तोच वाचवतो. शेवटी वाफेवरची नवी काळगाडी अवतरते, पितळेची नक्षी, जूल्स व्हर्नच्या पुस्तकातून उतरल्यासारखी. क्लारा तिच्यात आहे, जूल्स आणि व्हर्न ही दोन मुलंही आहेत. ती गाडी बांधताना चंद्राचा भूगोल पाठ असलेल्या या बाईचा हात किती लागला, हे सांगायला चित्रपट एक वाक्यही खर्च करत नाही. १९९१-९२ मध्ये दूरचित्रवाणीवर याची कार्टून मालिका आली आणि तिच्यात क्लाराला आवाज दिला मेरी स्टीनबर्जननेच.