लहान मुलांच्या भाषाविकारांचा अभ्यास: मॅडिसनच्या परिषदेची पार्श्वभूमी

कान ठीक, बुद्धी ठीक, मेंदूला इजा नाही, तरीही भाषा काही केल्या जमत नाही अशी मुलं असतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात मुलांच्या भाषाविकारांवरची संशोधन परिषद १९८० पासून दरवर्षी भरत आली आहे. तिथल्या चर्चेत ही मुलं सतत केंद्रस्थानी राहिली. त्यांना म्हणायचं काय, हा वाद मात्र परिषदेपेक्षा शंभर वर्षांनी जुना.

पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये मेंदूच्या इजेमुळे वाचा गेलेल्या रुग्णाचा अभ्यास मांडला. अशा वाचा जाण्याला पुढे 'अफेजिया' हे नाव पडलं आणि तोच शब्द मुलांनाही लागला, 'जन्मजात अफेजिया'. पण अफेजिया म्हणजे असलेली भाषा जाणं. जी अजून आलीच नाही, ती जाणार कशी? चुकीचं असूनही हे नाव विसाव्या शतकातही बराच काळ टिकलं.

वळण आलं ते मुलांचं बोलणं नीट ऐकायला सुरुवात झाली तेव्हा. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना एक काल्पनिक प्राणी दाखवला. हा 'वग'. आता दोन झाले, मग हे दोन कोण? मुलांनी कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनचूक केलं. म्हणजे मूल नुसती नक्कल करत नाही, नियम शोधतं. मग ज्याला भाषा जमत नाही, त्याचे नियम कसे असतात? १९६४ मध्ये पॉला मेन्युक यांनी अशा मुलांची वाक्यं तपासली आणि 'बाळबोली' हे वर्णन चुकीचं ठरवलं. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वात मोलाचा टप्पा वाटतो. एरवी जे बोलणं बोबडं म्हणून सोडून दिलं जायचं, ते कुणीतरी टेप लावून शब्दन् शब्द उतरवून घेतलं. मॅडिसनमध्येच जॉन मिलर आणि सहकाऱ्यांनी अशा नोंदी तपासण्यासाठी 'सॉल्ट' ही संगणकप्रणाली उभी केली.

१९९७ मध्ये ब्रूस टॉम्ब्लिन यांच्या गटाने अमेरिकेतल्या बालवाडीच्या वयाच्या ७,२१८ मुलांची चाळणी केली. साधारण ७.४ टक्के मुलांमध्ये हा विकार निघाला. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा दुसराच. मुलाला बोलण्याची किंवा भाषेची अडचण आहे, असं आधी कुणी सांगितलेले या विकार निघालेल्या मुलांचे पालक होते फक्त २९ टक्के.

नावाचा घोळ २०१७ मध्ये बराचसा मिटला. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने सहा इंग्रजीभाषक देशांतल्या ५७ तज्ज्ञांनी 'विकासात्मक भाषाविकार' या नावावर बहुतांशी एकमत केलं. बुद्ध्यंक आणि भाषा यांत तफावत असलीच पाहिजे, ही अटही काढली.

आपल्याकडे म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ ची. तरी घरोघरी अजून 'बापही उशिराच बोलला होता' हेच ऐकू येतं. इंग्रजीत अडणारं मूल क्रियापदाचे प्रत्यय गाळतं. मराठीत मात्र 'घोडा'चं 'घोड्याला' होतं, 'गेला-गेली-गेलं' असतं, त्यामुळे इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर पुरत नाही. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांना बांधलेली आहे. ज्या मुलाच्या तपासणीत असं कारण सापडतच नाही, ते या व्याख्येत कुठे बसणार?